हॉलिवूडच्या जुन्या अफवा: कंडी कोण पिकवायचं?

१९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, हॉबार्ट शहरात, मर्ल ओबेरॉन या नटीचा नागरी सत्कार ठरला. हॉलिवूड गाजवलेली आपली लेक माहेरी आली म्हणून गाव आनंदात होतं. सत्कारमूर्ती मात्र अवघडून गेली होती. तब्येतीचं कारण सांगून ती समारंभातून लवकरच उठली. पुढच्याच वर्षी ती वारली.

टास्मानियाशी तिचं काडीचंही नातं नव्हतं. तिचा जन्म मुंबईचा, १९ फेब्रुवारी १९११ चा. बालपण मुंबई आणि मग कलकत्त्यात, एका गरीब अँग्लो-इंडियन घरात गेलं. घरातलं नाव क्वीनी. टास्मानियाची कहाणी तिला सिनेमात आणणाऱ्यांनी रचली, आणि ती तिने जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळली.

हॉलिवूडमध्ये तिच्याबद्दल कुजबुज होतीच: ही पूर्ण गोरी नाही, हिंदुस्तानातली आहे. स्टुडिओच्या छापील माहितीपत्रकात मात्र टास्मानिया, गोरे आईबाप, सगळं व्यवस्थित. म्हणजे इथे कुजबुज खरी होती आणि छापलेलं खोटं होतं.

जुन्या हॉलिवूडच्या नटनट्यांच्या खासगी आयुष्यावर रोज काही ना काही वाचायला मिळतं. कोण कोणाबरोबर होतं, कोणाचं मूल कोणाचं, कोणाचं लग्न नुसतं दाखवण्यापुरतं होतं. वाचणारा एक तर सगळं खरं मानतो, नाही तर सगळं थोतांड म्हणून सोडून देतो. 'आगीशिवाय धूर निघत नाही' ही म्हण इथे फार दगा देते, कारण हॉलिवूडमध्ये धूर काढणं हा पगारी माणसांचा धंदा होता, आणि खरी आग झाकणं हाही. हा धंदा कसा चालायचा हे कळलं, की कुठल्या गोष्टीत पाणी मुरतंय ते बरंचसं ओळखता येतं.

साधारण १९२० ते १९५० या काळात अमेरिकेतला सिनेमा मोजक्या मोठ्या स्टुडिओंच्या हातात होता. चित्रपट त्यांचे, वितरण त्यांचं, मोठ्या शहरांतली बरीच थिएटरंही त्यांचीच. कलाकार म्हणजे नोकरदार. करार बहुधा सात वर्षांचा, पण तो चालू ठेवायचा की मोडायचा हे ठराविक मुदतीने फक्त स्टुडिओ ठरवणार. कलाकाराने भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि बंद राहिलेले दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. १९४० च्या दशकात ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी कोर्टात जाऊन जिंकली, तेव्हा कुठे ही जोडाजोड थांबली.

नोकरदाराबरोबर त्याचं आयुष्यही स्टुडिओच्या मालकीचं झालं. प्रत्येक स्टुडिओत प्रसिद्धी खातं असे. नवी मुलगी आली की ते तिचं नाव बदलत, वय कमी करत, जन्मगाव आणि आईबाप नव्याने लिहीत, आणि नव्या चित्रपटाच्या सुमारास तिला कोणाबरोबर जेवायला पाठवायचं तेही ठरवत. छायाचित्रकार तिथे आधीच येऊन थांबलेला. एमजीएम या बड्या स्टुडिओत हॉवर्ड स्ट्रिकलिंग प्रसिद्धी सांभाळायचा आणि एडी मॅनिक्स बाकीची निस्तरानिस्तर. दारू पिऊन गाडी ठोकली, नको तिथे सापडलं, की आधी फोन यांना जायचा.

एवढा खर्च आणि एवढी धास्ती कशासाठी, हे समजायला १९२१ सालात जावं लागतं.

रॉस्को आर्बकल हा मूकपटांतला लाडका विनोदी नट. गोल शरीर, बाळसेदार चेहरा, आणि पॅरामाउंटशी वर्षाला सुमारे १० लाख डॉलरचा करार. ५ सप्टेंबर १९२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याच्या खोल्यांमध्ये पार्टी झाली. दारूबंदीचा काळ, तरी दारू भरपूर. तिथे व्हर्जिनिया रॅपे ही तरुण नटी आजारी पडली आणि चार दिवसांनी वारली. मूत्राशय फुटून पोटात संसर्ग पसरला होता. मूत्राशयाचं दुखणं तिला आधीपासून असल्याचं खटल्यात पुढे आलं.

वर्तमानपत्रांनी डॉक्टरांची वाट पाहिली नाही. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या पत्रांनी आर्बकलने तिच्यावर बळजबरी केली असं धरूनच मथळे दिले. आर्बकल गजाआड बसल्याचं जोडलेलं चित्रही छापलं. त्याच्या वजनाखाली ती चिरडली, असं लोक बोलू लागले. त्याहून किळसवाणंही बोलू लागले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं काहीही कोर्टात सिद्ध झालं नाही. जिच्या तक्रारीवर सगळं उभं होतं, त्या मॉड डेलमाँटला सरकार पक्षाने एकदाही साक्षीला उभं केलं नाही. ती उलटतपासणीत टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

तीन खटले झाले. पहिल्या वेळी ज्यूरीतले दहा जण त्याला सोडण्याच्या बाजूचे आणि दोन विरुद्ध, म्हणून निकाल नाही. दुसऱ्या वेळी बहुमत उलट बाजूला, पण एकमत नाही. १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या ज्यूरीने काही मिनिटांतच त्याला निर्दोष ठरवलं, आणि सोबत एक लेखी निवेदन वाचून दाखवलं. नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, अशा अर्थाचं ते होतं. आरोपीची अशी जाहीर माफी मागणारी ज्यूरी क्वचितच सापडेल.

सहा दिवसांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी आली. स्टुडिओंनी आपली अब्रू सांभाळायला विल हेज या माजी मंत्र्याला नेमलं होतं, त्याने ती घातली. डिसेंबरमध्ये ती उठली, पण पडद्यावरची कारकीर्द संपल्यातच जमा होती. पुढे कितीतरी वर्षं तो विल्यम गुडरिच हे नाव घेऊन दुसऱ्यांचे चित्रपट दिग्दर्शित करत राहिला. १९३३ मध्ये, ४६ व्या वर्षी, तो गेला.

मला इथे राहून राहून आठवते ती व्हर्जिनिया. आर्बकलची बाजू घेणाऱ्यांनी तिच्या चारित्र्याच्या कंड्या पिकवल्या, विरुद्ध बाजूने तिच्या मृत्यूचा तमाशा केला. आर्बकलला निदान कागदावर माफी मिळाली. तिला कोणी काही लिहून दिलं नाही. आजही तिच्या नावापुढे तेव्हाच्याच कंड्या चिकटवलेल्या आढळतात, आणि त्यांना तेव्हाही पुरावा नव्हता.

या प्रकरणानंतर करारांमध्ये नीतिमत्तेचं कलम आलं. कलाकाराच्या वागण्यामुळे समाजात नाराजी पसरली तर स्टुडिओ करार मोडू शकतो. यातली मेख नीट पाहा. गुन्हा सिद्ध होण्याची अट नाही, बोभाटा झाला की पुरे. त्या दिवसापासून अफवेला पैशाचं वजन आलं. ज्याला ती पसरवता येते त्याच्या हातात कलाकाराची नोकरी, आणि ज्याला ती दाबता येते त्याच्या हातात कलाकार.

दाबणं म्हणजे काय, हे ज्युडी लुईस या मुलीच्या बाबतीत जवळून दिसतं.

१९३५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात माउंट बेकरच्या बर्फात एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. नायक क्लार्क गेबल, विवाहित. नायिका लॉरेटा यंग, २२ वर्षांची, कट्टर कॅथलिक. परतल्यावर लॉरेटाला दिवस गेल्याचं कळलं. गर्भपात तिच्या धर्मात महापाप, आणि मूल जाहीर करणं म्हणजे दोघांच्याही करारावर गदा. ती युरोपला गेली, मग आजारी असल्याचं जाहीर करून लॉस एंजेलिसजवळच्या एका घरात लपली. चर्चा फार वाढली तेव्हा एका महिला पत्रकाराला बोलावून तिने मुलाखत दिली, ती पलंगावर पडून, पोट दिसू नये म्हणून अंगावर पांघरुणांचा ढीग घेऊन. ६ नोव्हेंबर १९३५ ला मुलगी झाली. काही महिन्यांनी तिला अनाथाश्रमात ठेवलं, आणि ती दीड वर्षाची झाल्यावर लॉरेटाने मूल दत्तक घेतल्याची बातमी आली. पोटच्या पोरीला आईने दत्तक घेतलं.

पोरीचे कान मात्र हुबेहूब गेबलसारखे, बाहेर आलेले. ते दिसू नयेत म्हणून तिला सारखी टोपडी घालत. सात वर्षांची झाल्यावर शस्त्रक्रिया करून ते मागे वळवून घेतले. हॉलिवूडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या तिला. ती पंधरा वर्षांची असताना गेबल एकदा घरी आला, तिची विचारपूस केली, निघताना कपाळाचा मुका घेतला. हा आपला बाप आहे हे तिला कोणी सांगितलं नाही. तेविसाव्या वर्षी, लग्नाच्या तोंडावर, होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं की ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. आईने कबूल केलं १९६६ मध्ये. गेबल जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ज्युडीने १९९४ मध्ये आपल्या आठवणी छापल्या, तेव्हा आईने तिच्याशी बोलणं टाकलं. लॉरेटाने आपल्या चरित्रात सत्य मान्य केलं, पण ते चरित्र ती गेल्यावरच प्रसिद्ध करायचं या अटीवर.

म्हणजे अफवा शंभर टक्के खरी निघाली. आणि तरीही पूर्ण सत्य तिच्यात नव्हतं. २०१५ मध्ये लॉरेटाच्या सुनेने जाहीरपणे सांगितलं, की म्हातारपणी लॉरेटाने टीव्हीवर ऐकलेल्या एका शब्दाचा अर्थ विचारला होता: ओळखीच्या माणसाने केलेली जबरदस्ती. अर्थ कळल्यावर ती म्हणाली, माझ्या आणि क्लार्कच्या बाबतीत हेच झालं. लॉरेटा, गेबल आणि ज्युडी तिघंही तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे हा कुटुंबाच्या तोंडून आलेला जबाब आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण एवढं निश्चित, की ऐंशी वर्षं लोक ज्याला चोरटं प्रेमप्रकरण म्हणून चघळत होते, त्या बाईला ते काय वाटत होतं हे कोणी विचारलंच नव्हतं. अफवा कोण, कुठे, कधी हे बरोबर सांगू शकते. काय घडलं हे तिला क्वचित कळतं.

स्टुडिओ आणि वाचक यांच्या मधे सदरलेखिका होत्या. हर्स्टच्या पत्रांत लूएला पार्सन्स, आणि १९३८ पासून तिला टक्कर द्यायला हेडा हॉपर. दोघींचे वाचक कोट्यवधी. त्यांचं आणि स्टुडिओंचं साटंलोटं असे: अमुक गोष्ट छापू नका, बदल्यात तमुक लग्नाची बातमी आधी तुम्हाला देतो. कोणाला चिरडायचं ठरलं की तेही होई. इंग्रिड बर्गमन या नटीला दिग्दर्शक रॉसेलिनीपासून दिवस गेल्याचं लूएलाने डिसेंबर १९४९ मध्ये फोडलं. बर्गमनचं आधीचं लग्न अजून मोडलेलं नव्हतं. मार्च १९५० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये तिचा जाहीर उद्धार झाला, आणि काही वर्षं ती तिथे परतली नाही. त्याच सिनेटमध्ये तिची माफी मागितली गेली ती १९७२ मध्ये.

१९५० च्या सुमारास हा बांध फुटला. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना आपली थिएटरं विकावी लागली, टीव्ही आला, पैसा आटला, झाकणारी माणसं कमी झाली. त्याच वेळी, १९५२ मध्ये, रॉबर्ट हॅरिसनने न्यूयॉर्कहून कॉन्फिडेन्शियल हे मासिक काढलं. तीन वर्षांत त्याचा खप ४० लाखांवर गेला. हॉटेलातले नोकर, दारूच्या गुत्त्यावरची माणसं, खासगी गुप्तहेर, चिडलेले माजी नवरे, सगळ्यांना पैसे देऊन ते माहिती गोळा करत आणि वकिलाकडून तपासून घेत. युक्ती अशी, की हाती असलेलं सगळं छापायचं नाही. थोडं छापायचं, बाकीचं सुचवायचं. कोर्टात गेलास तर उरलेलंही बाहेर काढू, हे न लिहिताच कळायचं. म्हणून बहुतेक जण गप्प बसत.

समलिंगी कलाकारांसाठी तर हा तुरुंगाचा प्रश्न होता, कारण कॅलिफोर्नियात असे संबंध १९७५ साली कायदा बदलेपर्यंत गुन्हा होते. १९५५ मध्ये मासिकाने टॅब हंटर या नटाची पाच वर्षांपूर्वीची अटक उकरून काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉक हडसन या दुसऱ्या नटाने आपल्या एजंटच्या सेक्रेटरीशी लग्न केलं. ते तीन वर्षंही टिकलं नाही. हडसनचं खरं आयुष्य जगासमोर आलं १९८५ मध्ये, तो एड्सने मरणपंथाला लागल्यावर. हंटरने स्वतः लिहिलं २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर.

१९५७ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने कॉन्फिडेन्शियलवर खटला भरला. दोनच तारका साक्षीला उभ्या राहिल्या, आणि दोघींच्या साक्षी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत.

मॉरीन ओ'हारा एका चित्रपटगृहात, ३५ व्या रांगेत, एका पुरुषाशी चाळे करताना सापडली, असं मासिकाने छापलं होतं. तिने पासपोर्ट दाखवला. त्या तारखांना ती अमेरिकेतच नव्हती. ज्यूरी उठून ते चित्रपटगृह आणि ती खुर्ची पाहून आली.

दुसरी डोरोथी डँड्रिज, मुख्य भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालेली पहिली कृष्णवर्णीय नटी. ती लेक टाहोच्या रानात एका गोऱ्या संगीतकाराबरोबर गेली होती, अशी कहाणी. तिने साक्षीत सांगितलं की तिथे गाण्याचे कार्यक्रम करत असताना तिला असं मोकळं हिंडताच येत नव्हतं. त्या भागात काळ्या माणसांना ती मुभाच नव्हती. कार्यक्रम झाला की ती आपल्या खोलीत असे. मला हे वाक्य फार लागलं. जो वर्णभेद तिचा रोज पाणउतारा करत होता, तोच तिला आपल्या अब्रूचा पुरावा म्हणून कोर्टात मांडावा लागला.

ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण नटनट्यांच्या खासगी आयुष्यावर यापुढे लिहिणार नाही, असं हॅरिसनने कबूल केलं आणि पुढच्या वर्षी मासिक विकून टाकलं.

मग आज आपण वाचतो त्यातलं इतकं सारं येतं कुठून? मोठा भाग कलाकार गेल्यावर लिहिला गेला आहे. अमेरिकेच्या कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, वारसांना सहसा दावा लावता येत नाही. आपल्याकडच्या फौजदारी कायद्यात निदान मृताच्या जवळच्यांच्या भावना दुखावण्याचा विचार आहे. तिकडे माणूस गेला की रान मोकळं. १९५९ मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये निघालेलं आणि १९७५ पासून अमेरिकेत धो धो खपलेलं एक पुस्तक अशा कितीतरी कहाण्यांचं मूळ आहे. मूकपटांची तारका क्लारा बो हिचे एका विद्यापीठाच्या अख्ख्या फुटबॉल संघाशी संबंध होते, ही त्यातलीच. तिच्या चरित्रकाराने १९८० च्या दशकात त्या संघातल्या हयात खेळाडूंना गाठून विचारलं. त्यांनी साफ नाकारलं. पार्ट्या होत, खेळाडू येत, एवढंच. १९३१ मध्ये क्लाराबद्दल गलिच्छ मजकूर छापून टपालाने पाठवणाऱ्या एका पत्राच्या मालकाला तुरुंगवास झाला होता. तो मजकूर आजही नव्याने फिरतो, त्याला शिक्षा झाली होती हे मात्र त्याच्यासोबत फिरत नाही.

म्हणून मी अशी कुठलीही गोष्ट वाचताना आधी तारीख शोधते. घटना १९३० ची आणि पहिला उल्लेख १९७० चा असेल, मधली चाळीस वर्षं कोरी असतील, तर हात आखडता घेते. मग पाहते की सांगणाऱ्याला त्यात काय मिळालं. ज्युडीला आठवणी लिहून आईचा अबोला मिळाला, तिच्या बोलण्याला मी वजन देते. आणि कागद. पासपोर्ट, दवाखान्याची नोंद, कोर्टातली साक्ष, जन्मदाखला. कागदही खोटे असतात, स्टुडिओने कमी का छापले? पण सरकारी दप्तरातली नोंद सहसा कोणाच्या सिनेमाची जाहिरात करायला लिहिलेली नसते.

मर्लचं कोडं अशाच एका नोंदीने सुटलं. लंडनमध्ये नाव होऊ लागलं तेव्हा ती शार्लट या सावळ्या बाईबरोबर राहायची आणि पाहुण्यांना ती आपली मोलकरीण असल्याचं सांगायची. ती तिची आई होती, निदान मर्ल तिला आईच समजत होती. शार्लट १९३७ मध्ये गेली. १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं, वर्ण उजळ करून. ते चित्र पुढे मर्लच्या प्रत्येक घरात लागलेलं असे.

तिने असं का केलं, हे तिला नावं ठेवण्याआधी पाहावं. १९१७ च्या कायद्याने हिंदी माणसाला अमेरिकेत येऊन राहायला बंदी. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना हिंदी म्हणून नागरिकत्व नाकारलेलं. कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी इतर वंशांच्या माणसांशी लग्न करणं १९४८ पर्यंत बेकायदा. मुंबईची क्वीनी हे खरं सांगितलं असतं, तर नायिकेची भूमिका सोडाच, तिथे राहणंही कठीण होतं.

मुंबईच्या जन्मनोंदीत आईचं नाव वेगळंच निघालं: कॉन्स्टन्स, शार्लटची मुलगी. ती तेव्हा स्वतःच जेमतेम बारा वर्षांची होती. जिला मर्ल बहीण समजत होती ती तिची आई, आणि आई समजत होती ती आजी. कॉन्स्टन्सचा एक मुलगा, म्हणजे मर्लच्या हिशेबात भाचा, प्रत्यक्षात तिचा सावत्र भाऊ. नोंद शोधली त्यानेच. तो तिला भेटायला अमेरिकेत गेला होता, तिने भेट नाकारली. १९८३ मध्ये, ती गेल्यानंतर चार वर्षांनी, मुंबईचा जन्म चरित्रातून छापून आला.

१९३५ च्या एका चित्रपटासाठी मर्लला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन होतं. जानेवारी २०२३ मध्ये मिशेल येओ यांना तेच नामांकन मिळालं, तेव्हा त्या पहिल्या आशियाई अभिनेत्री असं लिहायला पत्रकार सरसावले आणि अडले. मुंबईत जन्मलेली एक बाई त्यांच्या ८७ वर्षं आधी त्या यादीत होती. शेवटी काहींनी वाक्यात भर घातली: आपण आशियाई असल्याचं उघडपणे सांगणाऱ्या पहिल्या.